अल्सरेटिव्ह कोलायटिस: रक्त थांबलं, तरी आतड्यात काय उरतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३६, शिक्षिका. नऊ वर्षांपूर्वी अल्सरेटिव्ह कोलायटिसचं, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला वर्षानुवर्षं दाह होणाऱ्या आजाराचं, निदान झालं, आजार आतड्याच्या डाव्या भागापुरता. दाह कमी करणाऱ्या मेसालामाइनच्या गोळ्या बरं वाटलं की बंद, रक्त दिसलं की पुन्हा सुरू. गेलं दीड वर्ष रक्त नाही, पोटात दुखत नाही. पण सकाळची संडासची घाई काही जात नाही. नुकत्याच झालेल्या दुर्बिणीच्या तपासणीत ‘मेयो स्कोअर १, डावीकडे हॉस्ट्रेशन्स नाहीशी, अनेक स्यूडोपॉलिप्स’ असं लिहून आलं (मेयो स्कोअर म्हणजे दुर्बिणीतून दिसणाऱ्या दाहाची पातळी). बायोप्सी घेतली नाही. घरात कॅन्सरची कुजबुज सुरू झाली आहे. आतडं कायमचं खराब झालं का आणि पुढे काय, हे त्यांना विचारायचं आहे.

आधी भीतीचं बघू. रिपोर्टातल्या त्या दोन्ही शब्दांचा अर्थ कॅन्सर नाही. त्या जुन्या दाहाच्या खुणा आहेत. पण त्या आहेत, याचा अर्थ मधल्या वर्षांत आतडं तुम्हाला वाटलं तितकं शांत नव्हतं. या आजारात आतड्याचं दूरगामी नुकसान किती होतं, हे निदानाला किती वर्षं झाली यापेक्षा त्या वर्षांतला किती काळ दाह धुमसत राहिला यावर जास्त अवलंबून असतं. वीस वर्षं आजार असूनही आतडं जवळजवळ नव्यासारखं असलेले पेशंट आम्ही बघतो. पाच वर्षांत आतड्याची रया गेलेलेही बघतो.

हा आजार गुदाशयापासून सुरू होतो आणि तिथून वर सलग पसरतो, मध्ये निरोगी पट्टा न सोडता. काहींचा गुदाशयापुरता राहतो, काहींचा तुमच्यासारखा डाव्या बाजूच्या वळणापर्यंत जातो, काहींचं संपूर्ण मोठं आतडं व्यापतो. पहिल्या दिवशी जेवढा होता तेवढाच तो राहील याची खात्री नसते. मर्यादित आजार असलेल्यांपैकी साधारण एक चतुर्थांश लोकांत तो दहा वर्षांत वर सरकलेला दिसतो. म्हणून पहिल्या तपासणीतलं ‘डाव्या बाजूचा’ हे लेबल जन्मभराचं समजू नये.

दाह असतो तो मुख्यतः आतल्या अस्तरात. क्रोन्स या आतड्याच्या दुसऱ्या दाहाच्या आजारात तो भिंतीच्या आरपार जातो, त्यामुळे तिथे भगेंद्र, फिस्टुला, आतड्याला आतडं चिकटणं असे प्रकार होतात; कोलायटिसमध्ये सहसा होत नाहीत. यावरून बरीच वर्षं असं शिकवलं गेलं की अस्तर भरून आलं की विषय संपला. ते पूर्ण खरं नाही. अस्तराच्या अगदी खाली स्नायूंचा एक पातळ थर असतो. दाह वर्षानुवर्षं चालू राहिला की तो थर जाड होतो आणि आखडतो. आखडल्यामुळे आतडं लांबीला कमी होतं आणि त्याच्या भिंतीला नैसर्गिकपणे जे फुगवटे असतात, तीच तुमच्या रिपोर्टातली हॉस्ट्रेशन्स, ते सपाट होत जातात. जुन्या बेरियमच्या एक्स-रेमध्ये असं आतडं गुळगुळीत नळीसारखं दिसायचं, म्हणून रेडिओलॉजिस्ट त्याला ‘लीड पाइप’ म्हणत. यातला बराच भाग व्रणाच्या कायमच्या गाठीपेक्षा स्नायूच्या आखडण्याचा असतो. त्यामुळे दाह दीर्घकाळ आटोक्यात राहिला, तर काही जणांत फुगवटे थोडेफार परत आलेले दिसतात. सगळ्यांत येतात असं मात्र नाही.

स्यूडोपॉलिप्सची गोष्ट वेगळी. मोठ्या उद्रेकात अस्तराचे तुकडे सोलून निघतात, मधली बेटं शिल्लक राहतात, आणि भरून येताना ती बेटं किंवा नव्याने वाढलेलं अस्तर कोंबासारखं वर राहतं. नावात पॉलिप असला, तरी नेहमीच्या पॉलिपसारखं त्यांचं कॅन्सरमध्ये रूपांतर होत नाही आणि ते एकेक करून कापत बसायची गरज नसते. पूर्वी असे पॉलिप असलेल्यांना कॅन्सरचा धोका जास्त मानला जाई; अलीकडच्या मोठ्या अभ्यासांत तसा स्वतंत्र संबंध दिसला नाही. धोका वाढवतो तो त्यांच्या मुळाशी असलेला तीव्र दाह. अडचण इतकीच की पॉलिपची गर्दी झाली, की त्यांच्या आडोशाला असलेली खरी शंकास्पद जागा नजरेतून सुटू शकते. म्हणून अशा आतड्याची तपासणी घाईत उरकून चालत नाही.

आता तुमच्या सकाळच्या घाईकडे येतो, कारण माझ्या मते रोजच्या जगण्यावर सगळ्यात जास्त परिणाम याच गोष्टीचा होतो आणि तपासणीच्या खोलीत सगळ्यात कमी बोललं जातं तेही हेच. एसटीचा प्रवास असला की सकाळी चहासुद्धा न घेणारे, लग्नकार्यात आधी संडास कुठे आहे ते बघून मग बसणारे कितीतरी लोक असतात. डॉक्टर विचारतात, “रक्त पडतं का? किती वेळा जाता?” पेशंट सांगतो, “रक्त नाही, दोनदाच.” दोघेही समाधानाने उठतात. पण त्या दोनदा जाताना दोन मिनिटंही थांबता येत नाही, हे बोलायचं राहून जातं.

निरोगी गुदाशय ताणला जातो. मळ आला की तो सैलावतो आणि जागा करून देतो, म्हणून माणसाला सोय बघून जाता येतं. कोलायटिसमध्ये दाहाचा पहिला आणि सगळ्यात दीर्घ मुक्काम गुदाशयात असतो. तिथली भिंत जाड आणि कडक झाली, की तिची सामावून घेण्याची ताकद कमी होते. शिवाय तिथल्या नसा हळव्या होतात, थोडासा वायू आला तरी ‘आत्ताच जायला हवं’ असा निरोप देतात. सकाळी उठल्यावर आणि काही खाल्ल्या-प्यायल्यावर मोठं आतडं जोरात आकुंचन पावतं, हे सगळ्यांचंच होतं. तुमच्या गुदाशयाला ते झेपत नाही. अस्तर भरून आल्यावरही भिंतीतला हा बदल महिनोन्‌महिने, कधी कायमचा, राहू शकतो.

तरीपण सगळी घाई जुन्या नुकसानाच्या खात्यावर टाकून मोकळं होऊ नये. मेयो १ म्हणजे अस्तर पूर्ण शांत नाही, लाली आहे, रक्तवाहिन्यांची जाळी पुसट आहे. थोडा दाह शिल्लक असेल, तर घाई त्याचीही असू शकते आणि तो भाग औषधाने जाणारा आहे. हे तपासायला दरवेळी दुर्बीण घालायची गरज नाही. मळाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी करा; आतड्यात दाह असला की हे प्रथिन मळात वाढतं. आकडा एका ग्रॅम मळामागे १५० मायक्रोग्रॅमच्या आत असेल, तर आतडं बऱ्यापैकी शांत आहे असं धरता येतं. बराच वर असेल, तर गोळ्यांचा डोस आणि प्रकार यांचा विचार करावा लागेल. तुमच्या बाबतीत मी डॉक्टरांना एक गोष्ट नक्की विचारायला सांगेन: तोंडाने घेण्याच्या गोळीबरोबर गुदद्वारातून घ्यायची मेसालामाइन सपोझिटरी किंवा एनिमा. सपोझिटरी गुदाशयापर्यंत पोचते, एनिमा डाव्या वळणापर्यंत. नेमक्या जागी औषध जातं आणि रोगही तिथेच असतो, तरी आपल्याकडे संकोचामुळे पेशंट ते घेत नाहीत, आणि पेशंट घेणार नाही असं गृहीत धरून डॉक्टरही लिहून देत नाहीत.

दाह खरोखर संपल्यावरही घाई राहिली, तर कारणं आणखी शोधावी लागतात. दाह शांत असलेल्या पेशंटपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना आयबीएससारखा, म्हणजे दाह नसतानाही आतडं हळवं राहण्याचा, त्रास राहतो. त्याला स्टेरॉइड वाढवणं हा उपाय नाही. बाळंतपणात गुदद्वाराच्या स्नायूला इजा झालेली असेल, तर त्याची वेगळी चाचणी होते आणि श्रोणीच्या स्नायूंच्या फिजिओथेरपीने फरक पडतो. जुलाब थांबवणारं लोपेरामाइड प्रवासापुरतं वापरता येतं, पण आजार शांत असतानाच. उद्रेकात जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या घेणं धोक्याचं असतं, आतडं फुगून निकामी होऊ शकतं.

आजार खालच्या भागापुरता असलेल्या काहींना उलटाच त्रास होतो. खाली दाह आणि वरच्या निरोगी भागात मळ साठून घट्ट. मग कुंथणं, खडा, वर रक्त आणि आव. याला हमखास मूळव्याध म्हटलं जातं.

आणि मूळव्याधीच्या या नावाने बरीच वर्षं वाया जातात. आपल्याकडे संडासवाटे रक्त पडलं की पहिलं निदान मूळव्याध, आव दिसली की दुसरं निदान अमीबा. मेट्रोनिडॅझोलचे चार-पाच कोर्स होतात. अमीबाचा आणि जिवाणूंचा संसर्ग आपल्याकडे खरोखरच असतो, त्यामुळे तशी शंका घेणं चूक नाही, पण तिसऱ्यांदा तीच गोळी लिहिण्याआधी दुर्बिणीने बघायला हवं. तुमच्या हिशोबात हे का महत्त्वाचं, ते पुढे येईलच.

कॅन्सरचा प्रश्न असा एका वाक्यात निकालात निघणार नाही. कोलायटिसमध्ये आतड्याचा कॅन्सर होऊ शकतो, हे १९२५ साली क्रोन आणि रोझेनबर्ग यांनी पहिल्यांदा नोंदवलं. २००१ साली अनेक अभ्यास एकत्र करून एक हिशोब मांडला गेला: दहा वर्षांनी २ टक्के, वीस वर्षांनी ८ टक्के, तीस वर्षांनी १८ टक्के. इंटरनेटवर शोधलं की आजही हेच आकडे समोर येतात आणि माणूस हादरतो. त्यातले बरेच अभ्यास मोठ्या रेफरल हॉस्पिटलांतले होते, जिथे सर्वांत गंभीर पेशंट पोचतात, आणि जुन्या औषधांच्या काळातले होते. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलने नियमित तपासणीतल्या आपल्या पेशंटची तीस वर्षांची नोंद २००६ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा वीस वर्षांनी २.५ टक्के आणि तीस वर्षांनी ७.६ टक्के असा आकडा निघाला. त्यानंतरचे लोकसंख्येवर आधारलेले अभ्यास आणखी खाली आले. आशियाई पेशंटच्या माहितीवरून असं दिसतं की पहिल्या दहा वर्षांत धोका नगण्य असतो आणि नंतर चढत जातो. म्हणजे आपल्याला हा कॅन्सर होतच नाही, ही आपल्याकडे पूर्वी बरीच रूढ असलेली समजूत बरोबर नव्हती.

धोका सगळ्यांना सारखा नसतो. आजार फक्त गुदाशयात असेल, तर तो सर्वसाधारण माणसाइतकाच. संपूर्ण आतडं व्यापलेलं असेल, तर सर्वाधिक. डाव्या बाजूचा आजार मध्ये. दाह सतत सक्रिय असणं, आई-वडील किंवा भावंडांत कमी वयात आतड्याचा कॅन्सर असणं, आतडं कुठे अरुंद झालेलं असणं यांनी तो वाढतो. आतडं अरुंद होणं या आजारात फार वेळा घडत नाही, पण घडलं तर अन्यथा सिद्ध होईपर्यंत त्याकडे कॅन्सरच्या संशयानेच बघायचं. आणि प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलॅन्जायटिस नावाचा पित्तनलिकांचा आजार बरोबर असेल, तर धोका कितीतरी वाढतो. अशा पेशंटला आतड्याचा त्रास बहुधा कमीच असतो, त्यामुळे तो निर्धास्त राहतो. यासाठी वर्षातून एकदा लिव्हर फंक्शन टेस्ट करून त्यातलं अल्कलाइन फॉस्फेटेज मुद्दाम बघावं.

हा कॅन्सर नेहमीच्या आतड्याच्या कॅन्सरसारखा वागत नाही. एरवी आधी देठाचा पॉलिप येतो, तो वर्षानुवर्षं वाढतो आणि दिसतो. इथे दाहाने पोळलेल्या अस्तरात सपाट, डाग वाटावा असा डिस्प्लेसिया, म्हणजे कॅन्सरआधीचा पेशींमधला बिघाड, तयार होतो, कधी एकाच वेळी अनेक जागी. तो शोधायला आतड्यावर मिथिलीन ब्ल्यू किंवा इंडिगो कार्मिनचा रंग फवारून, किंवा चांगल्या स्कोपच्या रंगबदल तंत्राने, सावकाश बघावं लागतं आणि संशयित जागेचे तुकडे घ्यावे लागतात. तपासणी आजार शांत असतानाच करायची, कारण दाहाने सुजलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली डिस्प्लेसियासारख्या दिसू शकतात. डिस्प्लेसिया आहे असा रिपोर्ट आला, तर आतडं काढायच्या गोष्टी सुरू होण्याआधी स्लाइड दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टला दाखवलीच पाहिजे.

ही देखरेख लक्षणं सुरू झाल्यापासून आठ वर्षांनी सुरू करतात. निदानापासून नव्हे, लक्षणांपासून. मूळव्याध समजून गेलेली वर्षं इथे मोजायची असतात. तुम्हाला निदानाआधी दीड-दोन वर्षं रक्त पडत असेल, तर तुमची घड्याळं नऊवर नाहीत, अकराकडे आहेत. पुढचं अंतर धोक्यानुसार एक, तीन किंवा पाच वर्षं. पित्तनलिकांचा आजार असेल, तर निदानाच्या दिवसापासून दरवर्षी. तुमचा डाव्या बाजूचा आजार, सौम्य शिल्लक दाह आणि स्यूडोपॉलिप्स बघता मी दोन-तीन वर्षांचं अंतर धरेन. पण परवाची तपासणी मी देखरेखीची म्हणून मोजणार नाही. बायोप्सी नाही, रंग वापरल्याचा उल्लेख नाही. रक्त का पडत होतं हे बघायला घातलेली दुर्बीण आणि डिस्प्लेसिया शोधायला घातलेली दुर्बीण या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. कॅलप्रोटेक्टिन खाली आलं की येत्या काही महिन्यांत ती नीट करून घ्या. आदल्या दिवशीची पोट साफ करायची पावडर पूर्ण घ्या. उरलेला अर्धा लिटर बेसिनमध्ये ओतणारे लोक डॉक्टरचा नाही, स्वतःचाच घात करतात.

गोळ्यांबद्दल मला कडक बोलायचं आहे. शांत आजारातही मेसालामाइन चालू ठेवायची असते, साधारणपणे दिवसाला किमान दोन ग्रॅम. ती नियमित न घेणाऱ्यांत आजार उलटण्याचा धोका नियमित घेणाऱ्यांच्या पाच पटींहून जास्त असल्याचं २००३ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. दर उलटण्याबरोबर आतडं पुन्हा सोलून निघतं, आणि तुमचे स्यूडोपॉलिप्स त्याच सवयीची नोंद आहेत. ‘रक्त नाही म्हणजे गोळी नको’ हा हिशोब या आजाराला लागू पडत नाही. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातही दीर्घकालीन उद्दिष्ट म्हणून लक्षणांबरोबर अस्तर भरून येणं धरलं आहे. वर्षातून एकदा क्रिएटिनिन तपासा, मेसालामाइन क्वचित मूत्रपिंडाला त्रास देतं.

मेसालामाइन पुरलं नाही, तर पुढची पायरी चढायला उशीर करू नये. प्रतिकारशक्ती दाबणारं अॅझाथायोप्रिन सुरू करण्याआधी आपल्याकडे एनयूडीटी१५ या जनुकाची चाचणी करणं शहाणपणाचं, कारण त्याचा दोषयुक्त प्रकार भारतीयांत आढळतो आणि त्यात पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या उतरतात. इन्फ्लिक्सिमॅबसारख्या इंजेक्शनांआधी सुप्त क्षयरोग शोधायचाच. स्टेरॉइड मात्र आग विझवण्यापुरतं. दर दोन-तीन महिन्यांनी मेडिकलमधून जुनी चिठ्ठी दाखवून प्रेडनिसोलोन आणणाऱ्यांची लक्षणं दबतात, आतड्यातला दाह पुरता जात नाही, आणि हाडं तेवढी झिजतात. नाव-गाव नसलेल्या पुड्यांनी ‘जादूसारखं’ बरं वाटलं, तर त्यात स्टेरॉइड असेल अशी शंका घ्या. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन शक्यतो नको; काहींचा आजार त्याने उसळतो.

खाण्याबद्दल घरचे बरंच सांगत असतील. तिखटाने आतड्यात व्रण पडत नाहीत आणि दूध सोडल्याने ते भरत नाहीत. ज्याने तुम्हाला त्रास होतो, तेवढंच टाळा. सगळं सोडून मऊ भातावर राहिलेले पेशंट दाहाने नव्हे, उपासमारीने खंगतात.

आतडं काढावं लागेल का? तुमच्या आजच्या स्थितीत तशी चिन्हं नाहीत. औषधांना न जुमानणारा आजार, डिस्प्लेसिया किंवा जीवघेणा उद्रेक, अशी कारणं असतील तर शस्त्रक्रिया होते. लहान आतड्याची पिशवी करून ती गुदद्वाराला जोडण्याची पद्धत पार्क्स आणि निकल्स यांनी १९७८ मध्ये मांडली, त्यामुळे बहुतेकांना पोटावरची कायमची पिशवी टळते. दिवसातून पाच-सात वेळा जावं लागतं, आतड्याच्या या नव्या पिशवीला सूज येण्याचा त्रास जवळपास निम्म्यांना कधी ना कधी होतो, आणि बायकांमध्ये नंतर दिवस राहायला अडचण येऊ शकते. मूल हवं असेल, तर हा विषय शस्त्रक्रियेआधीच काढायचा असतो.

पुढच्या भेटीला पहिल्या दुर्बिणीचा आणि पहिल्या बायोप्सीचा कागद शोधून घेऊन जा. रक्त पहिल्यांदा कधी दिसलं ते वर्ष आठवून लिहून ठेवा, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता का ते विचारून घ्या, आणि घाईचं स्वतःहून सांगा, डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. दरम्यान दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, बरोबर ताप, नाडी नव्वदच्या वर किंवा पोट फुगून घट्ट असं काही झालं, तर ओपीडीची तारीख बघत थांबू नका. त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये दाखल व्हा.